रेल्वेच्या डब्यातला नवा करार आणि मुलांच्या हातातला मोबाइल



मंडळीचा ग्रुप चालवणे, संदेशांचे ध्वनिमुद्रण करणे आणि तरुणांची सभा भरवणे ही कामे आम्हा चार-पाच जणांकडे आहेत. त्यामुळे वडीलधाऱ्यांचा एक प्रश्न आम्हाला सारखा ऐकावा लागतो. पोरं उपासनेला येत नाहीत, पण मोबाइलवर संदेश ऐकतो म्हणतात. हे बरं की वाईट? कोणी रागाने विचारते, कोणी काळजीने. एका आजींनी तर सरळ विचारले, "अरे, मोबाइलमधून प्रार्थना वर जाते का?" उत्तर देण्याआधी जरा मागे वळून पाहावे असे आम्हाला वाटले. नवे साधन हाती आले आणि मंडळी गोंधळली, असे काही पहिल्यांदाच होत नाही. मराठी ख्रिस्ती माणसाचा चारशे वर्षांचा अनुभव आपल्या गाठीशी आहे, आणि त्यातली सर्वांत मोठी गोष्ट आपल्या नागपूरच्या रुळांवरच घडली.

आधी आपण कुठे उभे आहोत ते सांगू. मोहगाव, सौंसर, पांढुर्णा हा पट्टा मध्य प्रदेशात, पण घरात बोलणे मराठी. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्ह्याबरोबर आपण इकडे राहिलो. २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा वेगळा झाला, तरी सीमा तीच. आपली मुले शाळेत हिंदी शिकतात, फलकावरचे हिंदी वाचतात, आणि घरी आजीशी मराठी बोलतात. विश्वासाचेही तसेच. उत्तरेला छिंदवाड्यात स्वीडनहून आलेल्या लुथरन मिशनने मूळ धरले. त्यातून उभी राहिलेली मध्य प्रदेशची इव्हँजेलिकल लुथरन मंडळी हिंदीत गाते. दक्षिणेला नागपूर, तिथे १८४५ पासून स्टीफन हिस्लॉप यांनी काम केले, आणि तिथून मराठी पुस्तके व मराठी गीते आली. आपण मधल्या वाटेवर. ख्रिस्ती घरे तुरळक, पाळकसाहेब दूर, आणि बारावी झाली की पोरगा किंवा पोरगी नागपूरला. तेव्हा मोबाइलचा प्रश्न शहरातल्या मंडळ्यांपेक्षा आपल्याला जास्त लागू आहे. तिथे मुलगा एका चर्चमधून उठून दुसऱ्या चर्चमध्ये जातो. इथे उठला की जायला दुसरे ठिकाण नसते.

आता मागे जाऊ, थेट गोव्यात. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय १५७९ साली गोव्यात आले आणि साष्टीच्या परिसरात त्यांनी आयुष्य घालवले. नव्या ख्रिस्ती लोकांना धर्मशिक्षण मिळत होते, प्रश्नोत्तरे पाठ करून घेतली जात होती. पण ज्यांचे आजे-पणजे पुराण ऐकत मोठे झाले होते, त्यांच्या रिकाम्या संध्याकाळचे काय? 'ख्रिस्तपुराणा'च्या आरंभीच ही अडचण आली आहे. मुलांची शिकवणी चालू असताना एक जण उठतो आणि आदराने सांगतो की शिकवण चांगली आहे, पण जुनी पुराणे सोडली त्यांच्या जागी मन रमवणारे काही आम्हाला द्या. स्टीफन्स यांनी त्याला दटावून खाली बसवले नाही. त्यांनी ओवी हाती घेतली. १६१६ मध्ये राशोल येथे छापलेल्या या ग्रंथात जवळजवळ अकरा हजार ओव्या आहेत. सृष्टीच्या आरंभापासून प्रभूच्या स्वर्गारोहणापर्यंतची सगळी कथा त्यांनी लोकांच्या कानाला सवयीच्या चालीत बसवली.

यातली एक गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. मागणी बाकावर बसलेल्या माणसाकडून आली. गुरूने ती ऐकली आणि आपली रीत बदलली. शिकवण बदलली नाही.

मात्र साधनाची मर्यादाही तिथेच दिसते. छापखान्यात देवनागरीचे खिळे नव्हते, म्हणून हे मराठी पुराण रोमन लिपीत छापावे लागले. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषाच मोडून काढण्याचा हुकूम काढला. त्या पहिल्या छपाईची एकही प्रत आज उरलेली नाही. पुराण टिकले ते हस्तलिखितांत आणि म्हणणाऱ्यांच्या तोंडी. मंगळूरकडच्या ख्रिस्ती लोकांना टिपूच्या कैदेत या ओव्यांनी धीर दिला, असे परंपरेने सांगतात. १९०७ साली मंगळूरला सालदान्हा यांनी ते पुन्हा छापले, तेही रोमन लिपीतच. देवनागरीत मराठी वाचकाच्या हाती यायला १९५६ साल उजाडले. तीनशे चाळीस वर्षे! यंत्र हुकमाने बंद पडू शकते, पण घरात पाठ असलेली ओवी बंद पाडता येत नाही, हे त्या घरांनी दाखवले.

दुसरी आठवण आपल्याच भागाची आहे, आणि ती आपल्या मुलांना माहीत नसते याचे आम्हाला वाईट वाटते. विल्यम कॅरी यांनी बंगालमध्ये श्रीरामपूरला नव्या कराराचे मराठी भाषांतर छापले ते १८११ मध्ये. बंगालात बसून मराठी कसे जमले? कॅरींच्या हाताशी वैजनाथ शर्मा नावाचे मराठी पंडित होते, आणि ते नागपूरकडचे होते. म्हणजे छापील मराठी नव्या कराराच्या पहिल्या पानांत पुण्याच्या बोलीपेक्षा आपल्याकडच्या बोलीचा वास अधिक होता. मुंबई-पुण्याच्या वाचकांना ती भाषा पुढे खडबडीत वाटली आणि भाषांतरे पुन्हा पुन्हा झाली, हे खरे आहे. संपूर्ण मराठी बायबल १८४७ साली मुंबईत छापून पूर्ण झाले. तरी सुरुवात करताना कॅरींनी समोर बसलेल्या माणसाच्या तोंडची बोली घेतली, शुद्धतेची वाट पाहत बसले नाहीत. आपल्या मुलांनी 'मले', 'तुले' करत चार वाक्यांची साक्ष रेकॉर्ड केली की आपल्यातलेच काही जण हसतात. त्यांनी वैजनाथ पंडितांची आठवण ठेवावी.

मग मासिकांचा काळ आला. जून १८४२ मध्ये अहमदनगरला अमेरिकन मिशनने 'ज्ञानोदय' सुरू केला. त्यात धर्म होता, विज्ञान होते, परदेशच्या बातम्या होत्या, वाद तर भरपूर होते. १८७२ मध्ये त्याच मिशनने 'बालबोधमेवा' हे खास मुलांचे मासिक काढले. मोठ्यांच्या अंकात मुलांसाठी एक कोपरा ठेवून त्यांना पुरेसे वाटले नाही. मुलांना त्यांचा वेगळा मेवा दिला. आज बहुतेक मंडळ्यांच्या यूट्यूबवर काय असते? उपासनागृहाच्या मागच्या भिंतीला लावलेला एक कॅमेरा, दीड तासाची संपूर्ण उपासना, मध्येच पंख्याचा आवाज, आणि जाहिराती-सूचनांसकट सगळे जसेच्या तसे. जो आजारी आहे, अंथरुणाला खिळला आहे, त्याच्यासाठी ही मोठी कृपा आहे आणि ती चालू राहावी. पण याला तरुणांमधली सेवा म्हणणे म्हणजे 'ज्ञानोदया'चे अंक मुलांच्या हातात देऊन 'बालबोधमेवा' काढल्याचे समाधान मानणे होय. लांबलेल्या संदेशाचा तरुणावर काय परिणाम होतो हे तर प्रेषितांच्या कृत्यांतच लिहिले आहे. त्रोवसच्या माडीवर पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला आणि खिडकीत बसलेला युतुख झोपेने तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. पौलाने त्याला कवटाळून उठवले. आपण मात्र पडलेल्यालाच बोल लावतो.

आता नारायण वामन टिळकांकडे येऊ. रेव्हरंड टिळकांची गीते आपण उपासनासंगीतातून गातो, त्यामुळे ते जन्मापासून आपलेच होते असे वाटते. तसे नव्हते. १८६१ साली कोकणात करजगावला एका चित्पावन ब्राह्मण घरात त्यांचा जन्म झाला. तरुणपणी ते नागपुरात होते. श्रीमंत आप्पासाहेब बुटी यांच्याकडे संस्कृत ग्रंथांचे काम करत होते, 'ऋषि' नावाचे मासिक चालवत होते. देशाचे भले कशाने होईल, जातिभेदाच्या पलीकडे नेणारा धर्म कोणता, हे प्रश्न त्यांना झोपू देत नव्हते. तीसएक वर्षांचा, हुशार, अस्वस्थ, कोणत्याच ठिकाणी मन न रमणारा हा माणूस होता. आज अशा मुलाला आपण काय म्हणतो? "हा चर्चला येत नाही."

१८९३ साली ते नोकरीसाठी नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने निघाले. डब्यात एक युरोपीय गृहस्थ होते. गोरा साहेब म्हणजे जागा अडवून बसणारा, असा तेव्हाचा अनुभव. या गृहस्थांनी मात्र सौजन्याने वागवले आणि गप्पा काढल्या त्या संस्कृत काव्याच्या, भवभूतीच्या. धर्माचा विषय मागाहून आला. उतरण्याआधी त्यांनी टिळकांना नव्या कराराची एक प्रत दिली, वाचण्याचे वचन घेतले, आणि तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल असे सांगितले. टिळकांना ते बोलणे तेव्हा विचित्रच वाटले. पण शब्द दिला होता, म्हणून वाचायला घेतले. जिथे काही लक्षात ठेवण्यासारखे वाटेल तिथे पेन्सिलीने खूण करायची असे ठरवले. डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि पुस्तक खाली ठेववेना. त्या सहप्रवाशाचे नाव टिळकांजवळ राहिले नव्हते. ते अर्नेस्ट वॉर्ड नावाचे मिशनरी होते, असे पुढे अभ्यासकांनी सांगितले.

ही गोष्ट आपण व्यासपीठावरून अनेकदा ऐकली आहे. बहुतेक वेळा ती इथेच संपवतात: पुस्तक दिले, माणूस बदलला. पण आपल्याला आज जो भाग हवा आहे तो यानंतरचा आहे.

पुस्तक वाचून टिळकांच्या मनात प्रश्न उठले, आणि ते विचारायचे कोणाला? शेजारच्या चर्चमध्ये पाऊल टाकले तर गावभर बोभाटा. घरी सांगितले तर घर मोडेल. तेव्हा त्यांनी एका ख्रिस्ती नियतकालिकाला आपली ओळख न देता लिहिले. पत्रे गेली, उत्तरे आली. मुंबईचे अमेरिकन मिशनचे डॉक्टर जस्टिन अ‍ॅबट यांच्याशी त्यांचा संबंध आला तो असा. तोंड न दाखवता, नाव न सांगता, टपालाच्या आडून. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या प्रवासाला दोन वर्षे होत होती.

आता आपल्या एखाद्या मुलाकडे पाहा. नागपुरात खोली घेऊन राहणारा, रात्री एक वाजता कानात वायर घालून कुठल्यातरी प्रचारकाचा संदेश ऐकणारा. "देव खरंच ऐकतो का? मग माझ्या बाबांचं असं का झालं?" हा प्रश्न तो रविवारी पाळकसाहेबांना विचारणार नाही. तरुणांच्या सभेत तर नाहीच, तिथे सगळे ओळखीचे. तो खोट्या नावाने कुठेतरी लिहितो. आपण म्हणतो, लपून-छपून काय करतो हा. टिळकही लपूनच विचारत होते. फरक इतकाच की पलीकडे अ‍ॅबटसाहेब होते. पत्र वाचणारा, उत्तर लिहिणारा, त्या माणसाची वाट पाहणारा कोणीतरी तिथे होता. आपला मुलगा ज्या मोठ्या प्रचारकाला ऐकतो त्याचे लाखो श्रोते आहेत, आणि त्यांत हा एक आहे हे त्या प्रचारकाला कधीच कळणार नाही. प्रश्न लिहिला तर उत्तरादाखल दानासाठी खाते क्रमांक येतो. चमत्काराच्या जाहिराती आणि तेलाच्या बाटल्या विकणारे काही चॅनेल आमच्याही पाहण्यात आहेत. त्यांची नावे घेऊन त्यांना आणखी प्रसिद्धी देण्याची गरज नाही.

कूश देशाच्या राणीचा खजिनदार रथात बसून यशयाचा ग्रंथ वाचत होता, ते आठवा. ग्रंथ त्याच्या हातात होता, वाचताही येत होते. फिलिप्पाने धावत जाऊन विचारले, समजते का? त्याने सरळ सांगितले की वाट दाखवणारा कोणी नसेल तर कसे समजणार. आणि फिलिप्प रथाशेजारी उभा राहून भाषण करत बसला नाही. वर चढून शेजारी बसला.

टिळकांच्या घरातलीच एक व्यक्ती मात्र छापील पानाने बदलली नाही. लक्ष्मीबाई. नवऱ्याच्या बाप्तिस्म्याची बातमी त्यांच्यावर कोसळली आणि पुढची जवळजवळ पाच वर्षे दोघे वेगळे राहिले. सोवळ्या-ओवळ्यात वाढलेल्या त्या बाईला कोणी पुस्तिका पाठवून उपयोग नव्हता. त्या नगरला आल्या, नवऱ्याबरोबर पण आपले पाणी, आपली चूल वेगळी ठेवून राहू लागल्या. टिळकांनी घाई केली नाही. रोजच्या राहण्यात, भांडणांत, हसण्यात, आजूबाजूच्या माणसांना जवळून पाहण्यात एक दिवस त्यांच्या मनानेच ठरवले की जात माणसाने केली आहे, देवाने नाही. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. हे सगळे त्यांनी 'स्मृतिचित्रे'त लिहिले आहे. १९३४ पासून ते पुस्तकरूपाने निघाले, आणि मराठीत त्याच्या तोडीचे आत्मचरित्र दुसरे नाही असे आम्ही बेधडक म्हणतो. मंडळीतल्या प्रत्येक मुलीने ते एकदा वाचावे. ती विनोदी बाई आहे, कंटाळा येणार नाही.

एकाच घरात दोन माणसे. एकाला पुस्तकाने आणि पत्राने गाठले, दुसरीला फक्त सहवासाने. म्हणून "सगळे ऑनलाइन करा" म्हणणाऱ्या आमच्या तरुण मित्रांशी आम्ही जितके वाद घालतो, तितकेच "मोबाइल बंद करा" म्हणणाऱ्या वडिलांशीही घालतो. पुढे नगरला टिळकांचे घर कायम पोरांनी भरलेले असे. बालकवी ठोंबरे त्यांच्याकडे राहत होते. ते ख्रिस्ती झाले नाहीत, पण त्या घरचे झाले, आणि त्या घराने त्यांना कधी हिशेब विचारला नाही.

मधल्या काळाबद्दल थोडक्यात. १९३१ मध्ये मार्कोनीच्या मदतीने व्हॅटिकन रेडिओ सुरू झाला. आपल्याकडे खेड्यांत कान लावला जायचा तो शॉर्टवेव्हला. सेशेल्स बेटांवरून 'फेबा'चे भारतीय भाषांतले कार्यक्रम १९७० च्या दशकापासून २००३ पर्यंत लागत होते. कार्यक्रमाच्या शेवटी पत्ता सांगत, आणि श्रोत्यांची पत्रे येत. टपालाने बायबलचे पाठ करणारी माणसे तर आपल्या भागात आजही भेटतील. पाठ तपासून लाल शाईत दोन ओळी लिहून परत येत, त्या दोन ओळींसाठी पोस्टमनची वाट पाहिली जाई. १९७८ चा तेलुगू 'करुणामयुडु' हिंदीत 'दयासागर' म्हणून आला आणि गावोगाव पडदा बांधून दाखवला गेला. ज्यांनी तो बोरीच्या पोत्यावर बसून पाहिला ते आज आजी-आजोबा आहेत, आणि तेच आज पोरांना म्हणतात की पडद्यावर देव सापडत नसतो! वसईच्या 'सुवार्ता' मासिकाचे आणि त्याचे दीर्घकाळ संपादक राहिलेल्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे काम वेगळ्या लेखाचा विषय आहे. इथे एवढेच, की त्यांनी 'सुबोध बायबल' लिहिताना आजच्या वाचकाला अडखळवणार नाही अशा मराठीचा ध्यास घेतला, आणि २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले आणि ज्या गावात वर्तमानपत्र दुपारी पोहोचत असे तिथे दिवसभर व्हिडिओ चालू लागले. मग २०२० चे टाळेबंदीचे दिवस. १० एप्रिलचा उत्तम शुक्रवार आणि १२ एप्रिलचे पुनरुत्थानाचे पर्व आपण बंद दारांआड पाळले. त्याआधी २७ मार्चच्या संध्याकाळी पोप फ्रान्सिस पावसात रिकाम्या चौकात एकटे उभे राहून प्रार्थना करत होते, ते जगाने आपापल्या घरून पाहिले. त्या काळात आपल्या मंडळ्यांना कॅमेऱ्याची सवय लागली. दारे उघडली, वडील परत आले, मुलांचा एक भाग परत आला नाही. खरे तर यातली बरीच मुले २०२० च्या आधीच गेली होती. टाळेबंदीने फक्त रिकामे बाक आपल्याला दाखवले.

कार्लो अक्युटिस हा इटलीतला मुलगा पंधराव्या वर्षी, २००६ मध्ये, वारला. त्याने ख्रिस्तप्रसादाशी निगडित चमत्कारांची माहिती गोळा करून संगणकावर मांडली होती. सप्टेंबर २०२५ मध्ये कॅथलिक मंडळीने त्याला संत म्हणून घोषित केले. आपल्या मुलांना त्याचे मोठे कौतुक आहे. तो संगणकावर बसे, आणि रोज मिस्सालाही जात असे. त्याचे चित्र पाठवताना दुसरा भाग गाळू नका, एवढीच आमची विनंती.

आता सर्वांत अवघड प्रश्न. मोबाइलवर जमलेले लोक म्हणजे मंडळी होते का? याचेही उत्तर शोधताना आम्ही टिळकांपाशीच थांबलो. १९१७ मध्ये, आयुष्याच्या शेवटी, त्यांनी साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. मिशनच्या पगारातून ते मोकळे झाले होते. ख्रिस्ताचे शिष्य म्हणवणाऱ्या सर्वांचे, बाप्तिस्मा झालेल्यांचे आणि न झालेल्यांचेही, भिंतींबाहेरचे एक कुटुंब व्हावे असे त्यांना वाटत होते. कल्पना मोठी होती, काळाच्या पुढची होती. पण ९ मे १९१९ रोजी टिळक प्रभूकडे गेले आणि दरबार त्यांच्यामागे फार टिकला नाही. याचा अर्थ कल्पना खोटी होती असे आम्ही म्हणणार नाही. ज्या कामाला एकच खांब असतो त्याचे असे होते. आजच्या कितीतरी चॅनेलना एकच चेहरा आहे. तो गेला, आजारी पडला, किंवा त्याचे पाऊल घसरले, की ऐकणारे पोरके. याउलट टिळकांची गीते टिकली, कारण ती हजारो घरांनी आपल्या तोंडात घेतली. योहानानेही दुसऱ्या पत्राच्या अखेरीस कळवले की लिहिण्यासारखे पुष्कळ आहे, पण शाई-कागदावर नको, समोरासमोर येऊन बोलू. पत्र त्याने लिहिलेच, आणि येण्याची इच्छाही ठेवली.

आपल्याकडे भाषेचा गुंता याहून जुना आहे. मोहगावच्या मुलाला संदेश हिंदीत अधिक चटकन कळतो, कारण शाळा हिंदीची. पण आजी वारली तेव्हा तो रडला ते मराठीत, आणि तिच्या उशाशी गायलेले गीत मराठी होते. मोबाइलवर हिंदी आणि इंग्रजी संदेशांचा पूर आहे. आपल्या बोलीतले जवळजवळ काही नाही. मराठी बायबल मोबाइलवर वाचता येते, ऐकताही येते, पण कित्येक मुलांना मराठी वाचताना हिंदीची सवय आड येते. म्हणून ऐकण्यापासून सुरुवात करावी असे आमचे मत झाले. मुलांना मराठी "वाचता येत नाही" म्हणून आपण त्यांना हिंदीच्या हवाली केले, तर पाच-दहा वर्षांत घरातली कुटुंबप्रार्थना दोन भाषांत दुभंगेल. आजी एका कोपऱ्यात, नातू दुसऱ्या.

यावर आम्ही जे ठरवले ते असे. संपूर्ण उपासनेचे प्रक्षेपण आजारी आणि वृद्धांसाठी चालूच राहील. तरुणांसाठी वेगळे काहीतरी हवे, म्हणून दर बुधवारी पाच-सहा मिनिटांचा आवाज. चित्र नाही, फक्त आवाज, कारण बागेत संत्री तोडताना किंवा सौंसरच्या बसमध्ये तो ऐकता येतो. बोलणारा दर वेळी वेगळा. कधी पाळकसाहेब, कधी शिक्षिका, कधी कापूस वेचून आलेली एखादी काकू. घरात बोलतो तशी भाषा, आणि जो हिंदीत बोलेल त्याला कोणी टोकणार नाही. महिन्यातून एक बुधवार उपासनासंगीतातल्या एका गीताला: ते कोणी लिहिले, कधी, का, आणि मग एखाद्या आजींच्या आवाजात ते गीत.

प्रश्न विचारण्यासाठी वेगळा नंबर घेतला आहे. नाव सांगण्याची सक्ती नाही. आलेला प्रश्न मंडळीत, घरी किंवा ग्रुपवर कोणाचा म्हणून चर्चिला जाणार नाही, असे पाळकसाहेबांनी व्यासपीठावरून जाहीर करायचे कबूल केले आहे. उत्तर दोन दिवसांत जाईल, तयार मजकूर चिकटवून नाही, त्या मुलाला उद्देशून लिहून. उत्तर देणाऱ्यांत एक मराठीत लिहिणारी आणि एक हिंदीत लिहिणारा असे दोघे आहेत. उत्तर ठाऊक नसेल तर तसे लिहायचे आणि शोधून पुन्हा लिहायचे. पहिल्या आठवड्यात तीन प्रश्न आले, त्यांतला एक बायबलबद्दल नव्हताच. नोकरी गेल्याचे घरी कसे सांगावे, असा होता. त्यालाही उत्तर गेले.

आणि नागपुरात शिकणाऱ्या आपल्या मुलांसाठी तिथे स्थायिक झालेल्या मोहगावच्याच एका कुटुंबाने महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी घर उघडे ठेवायचे ठरवले आहे. उपासना त्या दिवशी कुठे केली, केली की नाही, हे दारात कोणी विचारणार नाही. जेवायला वरण-भात, भाजी आणि पोळी असेल. पत्ता हवा असेल त्यांनी त्याच नंबरवर मागावा.